डच आयातदाराशी द्राक्षांचा व्यवहार: विश्वास कसा जुळत गेला

जुलै २०२४ मध्ये नेदरलँड्समधील एका फळ आयातदार कंपनीशी आमच्या कुटुंबाच्या निर्यात फर्मचा तीन हंगामांचा करार झाला. ठरलेल्या आठवड्यांना ठरलेले कंटेनर, किमान हमीभाव आणि कंटेनर जहाजावर चढल्यानंतर काही रक्कम आगाऊ, असे त्याचे स्वरूप आहे. याच कंपनीने २०१९ मध्ये आमचा पहिला कंटेनर घेतला, तेव्हा एक युरोही आगाऊ दिला नव्हता आणि भावाची हमीही दिली नव्हती. मधल्या काळात काय घडले, हे नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी आणि निफाड भागातील अनेक तरुण शेतकरी मला विचारतात. स्वतः निर्यात करण्याची त्यांची इच्छा असते, पण सात समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाच्या हाती वर्षभराचे पीक कसे सोपवायचे, या विचाराने पाऊल अडते. त्यांच्यासाठी हा सर्व प्रवास क्रमाने लिहीत आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत आम्ही आमची थॉम्पसन द्राक्षे एका मोठ्या निर्यातदाराला बागेवरच देत होतो. त्या वर्षी घरात कामांची वाटणी झाली. यजमानांकडे बाग, दिरांकडे पॅकहाऊसचे, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरण्याच्या जागेचे, काम आणि माझ्याकडे पत्रव्यवहार व कागदपत्रे आली. आयात-निर्यात कोड ५०० रुपये शुल्क भरून ऑनलाइन काही दिवसांतच मिळाला. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्रासाठी पाच हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी असा खर्च आला. सर्वांत जास्त वेळ बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक, सीमाशुल्क विभागाकडे नोंदवण्यात गेला, कारण बँकेच्या पत्राचा नमुना बंदराच्या अपेक्षेप्रमाणे हवा होता. या एका कागदाला जवळपास तीन आठवडे लागले. जीएसटी न भरता माल बाहेर पाठवण्यासाठीचे हमीपत्र, म्हणजे एलयूटी, विनाशुल्क असते, पण दर आर्थिक वर्षी नव्याने भरावे लागते. या सर्व ठिकाणी फर्मचे नाव आणि पत्ता अक्षरशः एकसारखा असावा, एवढी काळजी पहिल्याच दिवशी घ्यावी. गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीच्या, आत ही कामे संपली, तरच जानेवारीत डोके शांत राहते.

पॅकहाऊस आमचे नव्हते, म्हणून अपेडाची मान्यता असलेले एक पॅकहाऊस किलोमागे ठरावीक दराने घेतले. बागांची ग्रेपनेटवर नोंदणी मात्र आधीपासून होती. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी ही व्यवस्था अपेडाने २००६ पासून राबवली आहे. त्यामुळे प्रत्येक प्लॉटचा क्रमांक, त्यातील औषधांच्या अंशाचा तपासणी अहवाल आणि पुढे पेटीवरचे लेबल एकमेकांशी जोडलेले राहते. परदेशातील ग्राहकाला आपण कोण आहोत हे माहीत नसते, तेव्हा ही साखळीच आपली पहिली ओळख ठरते.

२०१८ च्या दिवाळीनंतर मी युरोपातील अनेक आयातदारांना ईमेल लिहिले. बहुतेकांकडून उत्तर आले नाही, काहींनी थेट भाव विचारला. रॉटरडॅमजवळच्या बारेंड्रेख्ट भागातील एका कंपनीच्या खरेदी व्यवस्थापकांनी डिसेंबरमध्ये उत्तर दिले. त्यात भावाचा उल्लेखही नव्हता. मागील हंगामांचे अंश तपासणी अहवाल, फवारणीच्या नोंदी आणि ग्लोबलगॅप या सुरक्षित शेतीपद्धतीच्या प्रमाणपत्राची प्रत त्यांनी मागितली होती. मला हे विचित्र वाटले, सासऱ्यांना मात्र अजिबात वाटले नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडल्यामुळे भारतीय द्राक्षांचे कितीतरी कंटेनर युरोपात अडकले होते. त्या काळी आपल्या तपासणीच्या यादीत हा घटकच नव्हता. शेतकऱ्यांना तिकडून पैसे आले नाहीत आणि आयातदारांनाही आपल्या सुपरमार्केटसमोर मान खाली घालावी लागली. "त्या वर्षाची आठवण दोन्हीकडे आहे, त्यांनी मागितलेला प्रत्येक कागद दे," असे सासरे म्हणाले. आम्ही नोंदवहीची पाने जशी होती तशी स्कॅन करून पाठवली, नव्याने नीट लिहून काढली नाहीत. आपल्या हाताने लिहिलेली, औषधाचे डाग पडलेली वही समोरच्या जाणकाराला जास्त पटते, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

आम्हीही त्यांची चौकशी केली आणि ही गोष्ट प्रत्येकाने करावी. नेदरलँड्समधील प्रत्येक कंपनीची केव्हीके या व्यापार नोंदणी संस्थेकडे नोंद असते आणि थोड्या युरोंत तिचा उतारा ऑनलाइन मिळतो. कंपनी किती जुनी आहे आणि सहीचा अधिकार कोणाला आहे, हे त्यातून कळते. ईसीजीसी या निर्यातीचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीकडे या ग्राहकासाठी विमा मर्यादा मागितली, ती मिळायला काही आठवडे लागले. ग्राहक दिवाळखोर झाला किंवा त्याने पैसे थकवले, तर हा विमा उपयोगी पडतो. परंतु मालाच्या दर्जावरून वाद निर्माण झाला, तर त्याचे संरक्षण सहजासहजी मिळत नाही. द्राक्षांच्या व्यवहारात भांडण बहुतेक वेळा दर्जावरूनच होते, त्यामुळे विम्याचा कागद हातात आल्यावरही आमची धाकधूक संपली नव्हती.

लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ग्राहकाच्या बँकेची पैसे देण्याची हमी, का मागितले नाही, असा प्रश्न हमखास येतो. द्राक्ष हा नाशवंत माल आहे. कागद बँकेतून फिरेपर्यंत कंटेनर बंदरात थांबवणे कोणालाच परवडत नाही, आणि तिकडचा भाव त्या आठवड्यात दक्षिण आफ्रिका व चिलीचा माल किती आला यावर ठरतो. म्हणून माल आधी जातो, विकला जातो आणि मग हिशेब येतो. एका कंटेनरमध्ये साधारण १२ ते १३ टन द्राक्षे बसतात. द्राक्षांची किंमत, पॅकिंग, वाहतूक आणि जहाजभाडे धरून त्या वर्षी एका कंटेनरमागे १५ लाखांच्या आसपास रक्कम गुंतली होती. ती बुडाली तरी घर उभे राहील एवढाच माल पहिल्या वर्षी पाठवायचा, हे आम्ही आधीच ठरवले होते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली काढणी झाली. सकाळच्या गारव्यात घड उतरवून काही तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट थंड करायला, लावले, पनेट (विक्रीचे छोटे डबे) भरले, पेट्यांत ग्रेप गार्ड (बुरशी रोखणारा गंधकाचा वायू सोडणारे कागद) ठेवले. अॅगमार्क (दर्जाचे) आणि फायटोसॅनिटरी (माल कीडरोगमुक्त असल्याचे) प्रमाणपत्रे मिळाल्यावर कंटेनर न्हावाशेव्याला रवाना झाला. आत तापमान नोंदवणारे यंत्र ठेवले होते. कंटेनर पोहोचायला साडेतीन आठवड्यांहून थोडा जास्त काळ लागला. तिकडून दर्जा अहवाल आला, त्यात मणीगळ आमच्या अंदाजापेक्षा जास्त दाखवली होती आणि त्यानुसार भाव कमी धरला होता. ते खरे आहे की नाही, हे इथे बसून समजण्याचा कोणताही मार्ग नव्हता. त्या रात्री घरात कोणालाही नीट झोप लागली नाही.

मी त्यांना लिहिले की आमचा अहवालावर आक्षेप नाही, पण आकडे कसे काढले हे आम्हाला शिकायचे आहे. कोणत्या पॅलेटमधील किती पेट्या उघडल्या, छायाचित्रे, आणि विक्रीचा हिशेब ओळीओळीने मिळावा. दोन दिवसांत सर्व आले. पुढच्या कंटेनरसाठी आम्ही रॉटरडॅममधील स्वतंत्र सर्वेक्षकाकडून पाहणी करून घेतली. त्याला साडेतीनशे युरोंच्या घरात खर्च आला आणि तो आम्हीच सोसला. त्याचा अहवाल आणि ग्राहकाचा अहवाल यांत फारसा फरक निघाला नाही. ही रक्कम मी खर्च मानत नाही, कारण त्यानंतर त्यांच्या आकड्यांकडे आम्ही संशयाने पाहिले नाही. पैसे माल पोहोचल्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी जमा झाले. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या नियमानुसार निर्यातीचे पैसे नऊ महिन्यांत यावे लागत. पैसे आल्यावर बँकेच्या प्रणालीत शिपिंग बिलाची (सीमाशुल्काकडे दिलेल्या निर्यातीच्या कागदाची) नोंद बंद झाली ना, हे स्वतः विचारून घ्यावे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात अवकाळी पावसाने थैमान घातले. डाऊनी हा बुरशीजन्य रोग आवरण्यासाठी सर्वांनाच जास्त फवारण्या घ्याव्या लागल्या. जानेवारी २०२० मध्ये आमच्या एका प्लॉटचा अहवाल आला, तो युरोपीय संघाच्या कायद्याच्या मर्यादेत होता. मात्र तिकडच्या काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक-तृतीयांशापर्यंतच अंश चालवून घेतात आणि एकूण किती औषधांचे अंश असावेत यालाही मर्यादा घालतात. एका बुरशीनाशकाचा आकडा त्या रेषेच्या वर होता. प्रमाणपत्र मिळत होते, कंटेनर सुटू शकत होता, आणि ग्राहकाने तिकडे पुन्हा तपासणी केलीच असती असेही नाही. दीर आणि मी यावर फार वेळ बोललो, कारण त्या प्लॉटमध्ये चांगल्या साखरेची, १८ मिलिमीटरच्या वरची द्राक्षे होती.

संपूर्ण अहवाल ग्राहकाला पाठवला आणि हा प्लॉट तुमच्या ज्या खरेदीदाराला चालत नाही त्याच्यासाठी भरत नाही, असे कळवले. एवढे कळवून आम्ही उत्तराची वाट पाहत राहिलो. तिसऱ्या दिवशी खरेदी व्यवस्थापकांचा फोन आला. त्यांनी कौतुकाचे फारसे शब्द वापरले नाहीत, डच मंडळी तसे सहसा करत नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले की त्या आठवड्याची जागा ते दुसऱ्या देशाच्या मालाने भरतील आणि आमचा पुढचा प्लॉट दहा दिवसांनी घेतील. तो माल आम्ही कमी भावाने दुबईकडे पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला दिला. किलोमागे झालेला तोटा त्या वर्षी जाणवला. पण त्यानंतर त्यांनी आमच्याकडे त्यांच्या सुपरमार्केटचे अंतर्गत निकष पाठवायला सुरुवात केली, जे ते आधी देत नव्हते, आणि त्यामुळे पुढच्या वर्षी फवारणीचे वेळापत्रकच त्या निकषांवरून आखता आले.

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा आमचा माल अर्धा बागेत आणि अर्धा पॅकहाऊसमध्ये होता. पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून आलेली मजूर कुटुंबे गावाकडे परतू लागली. मी रोज संध्याकाळी एक छोटा संदेश पाठवत असे: आज किती माणसे कामावर होती, किती पेट्या भरल्या, कंटेनर कुठे आहे. जे निश्चित नव्हते ते निश्चित नाही असेच लिहीत असे. तिकडूनही तशीच माहिती येत होती. इथे एक सूचना करते: आपली वेळ हिवाळ्यात तिकडच्यापेक्षा साडेचार तास पुढे असते, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे बदलली की हा फरक साडेतीन तासांचा होतो. ऐन हंगामातच हा बदल होतो, म्हणून फोनच्या वेळा आधीच ठरवून घ्याव्यात.

मार्च २०२१ मधली परीक्षा सर्वांत अवघड होती. २३ मार्चला एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि २९ मार्चपर्यंत कालवा बंद राहिला. आमचा कंटेनर मागे खोळंबलेल्या जहाजांपैकी एकावर होता. कालवा मोकळा झाल्यावर बंदरात गर्दी झाली आणि माल जवळपास दोन आठवडे उशिरा हाती आला. देठ तपकिरी झाले होते, मणी सुटले होते. चूक आमची नव्हती, त्यांचीही नव्हती.

अशा वेळी पूर्ण तोटा शेतकऱ्याच्या माथी मारणारे आयातदार आहेत, हे आमच्या भागातील अनेकांनी भोगले आहे. आमच्या ग्राहकांनी आधी तापमानाच्या नोंदी मागितल्या. पूर्ण प्रवासात तापमान शून्य अंशाच्या आसपास स्थिर होते, म्हणजे पॅकहाऊसमधून माल योग्य थंड होऊन निघाला होता, हे त्यातून सिद्ध झाले. मग त्यांनी पुन्हा पॅकिंग करताना फोनचा कॅमेरा चालू ठेवून आम्हाला काम दाखवले. खराब मणी काढून पनेट पुन्हा भरले जात होते आणि बाजूला काढलेला माल वजनकाट्यावर दिसत होता. शेवटी झालेला तोटा निम्मा-निम्मा वाटून घ्यायचे ठरले. कायद्याने ते यासाठी बांधील नव्हते. माझ्या मते या व्यवहाराचा पाया इथे घातला गेला, आणि तो घातला जाण्याचे कारण आधीच्या वर्षी आम्ही न भरलेला तो प्लॉट होता; खरेदी व्यवस्थापकांनी पुढे एकदा हे स्वतःच सांगितले.

एप्रिल २०२२ मध्ये बर्लिनचे फ्रुट लॉजिस्टिका प्रदर्शन भरले. एरवी ते फेब्रुवारीत असते, त्या वर्षी महामारीमुळे पुढे गेले होते. बर्लिनपेक्षा जास्त दिवस रॉटरडॅमला राहायचे असल्याने व्हिसा नेदरलँड्सकडे मागितला. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात अधिक मुक्काम असेल त्याच्याकडे करायचा असतो. शुल्क तेव्हा ८० युरो होते, जून २०२४ पासून ते ९० युरो झाले आहे. ग्राहकाचे निमंत्रणपत्र, फर्मची विवरणपत्रे, बँकेचा उतारा आणि लसीकरणाचे प्रमाणपत्र जोडले. पासपोर्ट परत हाती येईपर्यंत तीन आठवडे गेले आणि तिकीट महाग पडले. शक्य असेल तर दोन महिने आधी अर्ज करावा.

त्या भेटीत प्रदर्शनापेक्षा ग्राहकाच्या शीतगृहातील तपासणीचे टेबल मला अधिक मोलाचे वाटले. भारतातून आलेला कंटेनर माझ्यासमोर उघडला. तपासनीस बाई पॅलेटच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरांतून पेट्या काढत होत्या. पनेट रिकामे करून सुटे मणी वेगळे तोलत, देठाचा रंग छापील तक्त्याशी ताडून पाहत, गंधकाच्या वायूने पांढरे पडलेले मणी मोजत आणि मग साखर व आकार नोंदवत. आमच्या पॅकहाऊसमध्ये आम्ही घडाचे वजन, मण्याचा रंग आणि साखर बारकाईने पाहत होतो, पण देठासाठी असा तक्ता आमच्याकडे नव्हता आणि त्यांच्याकडे त्यालाच सर्वाधिक महत्त्व होते. मी त्यांचा अर्ज आणि तक्ता मागून घेतला. त्या हंगामानंतर आमच्या पॅकहाऊसमध्ये तोच अर्ज मराठीत भरला जातो आणि कंटेनर निघाल्याच्या दिवशी छायाचित्रांसह त्यांना पोहोचतो. माल तिकडे उतरला की दोन्ही अर्ज शेजारी ठेवून बोलणे होते. वाद घालण्यासारखे फारच थोडे उरते.

जानेवारी २०२३ मध्ये ते आमच्याकडे आले. बाग त्यांनी पाहिलीच, पण जास्त वेळ पॅकहाऊसमधील बायकांशी बोलण्यात घालवला. मी दुभाषी होते. मजुरी रोजाने की नगावर, पाणी आणि स्वच्छतागृह किती अंतरावर, लहान मुले कुठे थांबतात, असे प्रश्न होते. तिकडचे सुपरमार्केट कामगारांच्या स्थितीचे मूल्यांकनही मागतात, त्यामुळे हजेरीपत्रक आणि मजुरीच्या पावत्या तयार असाव्यात. मी बायकांना काय बोलावे हे आधी सांगितले नव्हते. एका ताईंनी स्वच्छतागृह लांब पडते असे स्पष्ट सांगितले आणि मी ते तसेच इंग्रजीत सांगितले. मार्चच्या आत जवळ एक नवीन बांधले, त्याचे छायाचित्रही पाठवले.

पुढच्या डिसेंबरपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला आणि भाडेही वाढले. पण या वेळी सुएझसारखी धावपळ झाली नाही. जानेवारी २०२४ मध्येच आम्ही एकत्र बसून ठरवले की देठ हिरवे आणि मजबूत असलेले प्लॉटच लांबच्या प्रवासाला घ्यायचे, बाकीचे स्थानिक बाजारात द्यायचे, आणि वाढीव भाड्याचा भार दोघांनी उचलायचा. हंगाम संपल्यावर कराराचा प्रस्ताव त्यांच्याकडून आला.

मसुदा आम्ही एका वकिलांना दाखवला, त्यांचे शुल्क तीस हजार रुपये झाले. दर्जाबाबतची तक्रार माल हाती आल्यापासून ४८ तासांत छायाचित्रांसह करायची, मतभेद असल्यास स्वतंत्र सर्वेक्षकाचा खर्च निम्मा-निम्मा, आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा प्रवास लांबल्यास तोट्याची विभागणी कशी करायची, ही कलमे त्यात आहेत. एक कलम आम्ही आग्रहाने घातले: बँक खाते बदलल्याचा ईमेल कोणत्याही बाजूने आला, तरी आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. असे बनावट ईमेल निर्यातदारांच्या नावाने सर्रास जातात आणि एकदा गेलेले पैसे परत येणे कठीण असते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही छाटणीचे नियोजन प्लॉटनिहाय पाठवले. पनेटवरील छपाईचा नमुना मंजूर होऊन माल हाती यायला पाच ते सहा आठवडे लागतात. ज्यांना येत्या हंगामात पहिला कंटेनर पाठवायचा आहे, त्यांनी बागेची नोंदणी, फवारणीची वही आणि केव्हीकेचा उतारा ही कामे छाटणीपूर्वीच हाती घ्यावीत. एडी कोडसाठी बँकेत मात्र आजच जावे.